सुझुकी : भाताच्या उडवीतून निघालेल्या आडनावाची वाटचाल

१९४२ साली जपानच्या वाकायामा प्रांतातल्या काइनान इथे, फुजिशिरो देवस्थानाला लागून असलेला एक जुना वाडा रिकामा झाला. वाड्याचे मालक वारले होते आणि मागे वारस नव्हता. घराण्याच्या स्वतःच्या मोजणीनुसार ते १२२वे कुलप्रमुख. एवढ्या पिढ्या मागे नेल्या की कुठलीही वंशावळ देवांपाशी जाऊन टेकते, तशी हीही टेकते. आडनाव सुझुकी. देशभरातले सुझुकी ज्या घराला आपलं थोरलं घर मानतात, ते हे घर.

थोरलं घर असं निर्वंश झालं, आणि आडनाव मात्र आज जपानात दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिले सातो, सुमारे १९ लाख; त्यांच्या पाठोपाठ सुझुकी, सुमारे १८ लाख. म्हणजे साधारण दर सत्तर जपानी माणसांमागे एक सुझुकी. मराठी माणसाने हे नाव आधी मोटारीच्या पाठीवर वाचलं, मग मोटारसायकलच्या टाकीवर. ते कोणाचं तरी आडनाव आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नसेल.

वंश संपला तरी जे चालू राहतं, ते कुळापेक्षा संस्थेच्या जातीचं असतं. म्हणून सुझुकी या नावाची वाटचाल एखाद्या जुन्या संस्थेच्या अहवालासारखी वाचावी : स्थापना, शाखा, सभासद, पडझड, जीर्णोद्धार. रक्ताचा प्रश्न मध्ये येतोच. त्याला आज जनुकशास्त्राकडून काही उत्तरं मिळतात. पण ती उत्तरं ऐकण्याआधी संस्थेचं दप्तर उघडलेलं बरं.

स्थापना : एक काठी आणि भाताच्या पेंढ्या

क्योतोच्या दक्षिणेला कीई नावाचं द्वीपकल्प समुद्रात उतरतं. त्याच्या टोकाकडचा दाट डोंगराळ मुलूख म्हणजे कुमानो. होंगू, शिंगू आणि नाची ही तिथली तीन मोठी देवस्थानं. या देवस्थानांच्या सेवेत तीन घराणी होती, असं परंपरा सांगते : उई, सुझुकी आणि एनोमोतो. तिन्ही घराणी एकाच कहाणीत येतात. कुमानोच्या देवाला भात अर्पण करणाऱ्याला 'होझुमी' हे कुलनाम मिळालं, असा त्या कहाणीचा शेवट. होझुमी म्हणजे लोंब्या रचणं.

सुझुकी हा शब्द याच शेतातला. भात कापून झाला की पेंढ्या शेतातच वाळवायच्या. त्यासाठी मधोमध एक काठी रोवायची आणि तिच्याभोवती पेंढ्या रचत जायचं. कोकणात उडवी रचणाऱ्याला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कुमानोच्या बोलीत या ढिगाला आणि त्याच्या मधल्या काठीला 'सुसुकी' किंवा 'सुझुकी' म्हणत, असं आडनावांचे अभ्यासक सांगतात. त्या काठीवर भाताचा देव उतरतो अशी समजूत होती. म्हणून ती नुसती काठी राहिली नाही, देवाची बैठक झाली.

आज हे आडनाव ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यातलं पहिलं घंटीचं आणि दुसरं झाडाचं. ती चिन्हं केवळ उच्चारासाठी घेतलेली. घंटी टांगलेलं झाड हा अर्थ नंतर चिकटला आणि शोभूनही दिसला. मुळात आहे ती वाळत घातलेल्या भाताच्या मधली काठी.

भात जपानात मुळापासून नव्हता. खंडातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी तो उत्तर क्यूशू बेटावर आणला आणि तिथून तो पूर्वेकडे सरकला. ज्या घराण्याचं नाव भाताच्या ढिगावरून पडलं, त्या नावाच्या उगमातच बाहेरून आलेलं एक बियाणं आहे. जनुकांकडे वळू तेव्हा हे कामाला येईल.

८१५ सालची छाननी

कोण कुठून आला, हा प्रश्न जपानी दरबाराला फार लवकर पडला. कुळं वाढली होती, बनावट वंशावळी सादर होत होत्या, मानपान आणि पदं त्यावर ठरत होती. सम्राट सागा यांच्या काळात, ८१५ साली, राजधानी आणि आसपासच्या प्रांतांतल्या कुळांची एक सूची पुरी झाली. 'शिनसेन शोजिरोकु' हे तिचं नाव. तिच्यात १,१८२ कुळं आहेत आणि त्यांचे सरळ गट पाडलेले आहेत. राजघराण्यातून फुटलेली ३३५, देवांपासून उतरलेली ४०४, खंडातून, म्हणजे चीन-कोरियाकडून आलेली ३२६, आणि ज्यांचा पत्ता लागेना अशी ११७.

होझुमी यातल्या देवांच्या गटात येतात. निगिहायाही हा त्यांचा मूळपुरुष देव. सुझुकी घराण्याची वंशावळ त्याच नावाला जाऊन मिळते.

मात्र या सूचीतली सर्वात बोलकी गोष्ट तिसऱ्या गटाची संख्या आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा दरबार आपल्या कुळांपैकी चार आण्यांहून जास्त कुळं परक्या भूमीतून आलेली आहेत, हे स्वतःच्या शाईने लिहून ठेवतो. जपानी माणूस एकाच खोडाचा, ही कल्पना फार नंतरची. जुनं दप्तर ती मानत नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी

दहाव्या-अकराव्या शतकापासून कुमानोच्या यात्रेला राजाश्रय मिळाला. निवृत्त सम्राट स्वतः पायी निघू लागले. गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा गेले, गो-तोबा २८ वेळा. त्यांच्या मागे सरदार गेले, सरदारांच्या मागे सामान्य माणसं. रांगा इतक्या लागल्या की 'कुमानोला निघालेल्या मुंग्या' अशी म्हणच पडली.

क्योतोहून निघालेली वाट ओसाकावरून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली येते. वाटेत यात्रेकरूंसाठी छोटी छोटी देवळं आहेत. त्यांना 'ओजी' म्हणतात, आणि बोलण्यात त्यांची संख्या नव्याण्णव. फुजिशिरो हे त्यांतल्या पाच मोठ्या ओजींपैकी एक. इथून चढ लागतो. इथून पुढे कुमानोच्या देवांचा मुलूख, अशी भावना होती. १२०१ साली गो-तोबा यांची स्वारी या वाटेने गेली तेव्हा कवी फुजिवारा नो तेइका बरोबर होते. त्यांनी त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली. फुजिशिरोला दरबारी मंडळींची काव्यसभाही भरली होती.

बाराव्या शतकात सुझुकींची एक पाती शिंगूकडून निघून या घाटाच्या पायथ्याशी आली आणि देवस्थानाची व्यवस्था पाहू लागली. जागेची निवड अचूक होती. डोंगरातल्या देवाजवळ राहण्यापेक्षा देवाकडे जाणाऱ्या वाटेवर राहिलं की सगळा देश दारावरून जातो.

याच वाड्याशी मिनामोतो नो योशित्सुने या वीराच्या लहानपणाच्या कथा जोडलेल्या आहेत. त्याच्या बाजूने लढलेल्यांत फुजिशिरोचा सुझुकी साबुरो शिगेइए होता. ११८९ साली उत्तरेत, कोरोमो नदीकाठी योशित्सुनेचा शेवट झाला तेव्हा शिगेइएही तिथेच पडला, असं कथाग्रंथ सांगतात. त्याचा भाऊ कामेइ रोकुरोही त्याच्याबरोबर पडला. दोघे भाऊ आणि आडनावं दोन. जपानात त्या काळी आडनाव जमिनीवरून, वस्तीवरून पडे. वेगळी जमीन मिळाली की नाव वेगळं. एका बापाच्या दोन मुलांची आडनावं निराळी असू शकत, आणि दोन अनोळखी माणसांचं एकच असू शके. वंश शोधणाऱ्याची पहिली पंचाईत इथेच होते.

शाखाविस्तार : दान आणि यजमान

एवढी यात्रा आपोआप चालत नव्हती. तिच्यामागे दोन प्रकारची माणसं होती. कुमानोत राहून यात्रेकरूंची राहण्याची, पूजेची सोय पाहणारे 'ओशी', आणि गावोगावी फिरून यात्रेकरू जमवून त्यांना वाट दाखवत आणणारे 'सेन्दात्सु'. यजमान बांधलेले असत. कुठल्या प्रांतातलं कुठलं घराणं कोणाचं, याचे कागद होत. ते हक्क वारशाने जात, गहाण पडत, विकलेही जात. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या व्यवहाराची नस लगेच सापडेल.

यजमानाला जपानी शब्द होता 'दान्ना'. तो बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतातल्या 'दान' शब्दावरून तिकडे गेला. दान देणारा तो दान्ना. पुढे त्याचा अर्थ धनी झाला, आणि आजही जपानी बाई नवऱ्याविषयी बोलताना हाच शब्द वापरते.

या जाळ्यातून कुमानोचं दैवत देशभर पोचलं. कुमानो नावाची तीन हजारांवर देवस्थानं जपानात आहेत. जिथे देव गेला तिथे त्याचा पुजारी गेला, आणि पुजाऱ्याबरोबर सुझुकी हे नाव गेलं. किनाऱ्याकडची माणसं बोटीनेही गेली. कुमानोचे दर्यावर्दी नाणावलेले होते. ११८५ च्या दान-नो-उराच्या सागरी लढाईत त्यांनी पारडं फिरवलं होतं. पॅसिफिकच्या किनाऱ्याने पूर्वेकडे सरकताना इझू, बोसो अशी ठिकाणं त्यांच्या वाटेवर येतात.

एक शाखा मिकावात, म्हणजे आजच्या आइची प्रांतात रुजली. त्याच मिकावातून तोकुगावा इएयासू पुढे आला. १५९० साली त्याला कांतो मैदानात, एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला बिऱ्हाड हलवावं लागलं. त्याच्या चाकरीतल्या मंडळींत मिकावाचे सुझुकीही होते. एका सरदाराची बदली झाली आणि एक आडनाव थेट भावी राजधानीत जाऊन पोचलं.

आज या नावाचा नकाशा पाहिला तर गर्दी पूर्वेकडे आहे : शिझुओका, आइची, तोक्योच्या भोवतीचे प्रांत, उत्तरेतली पॅसिफिकची बाजू. शिझुओकात सुझुकी पहिल्या क्रमांकावर आहेत. माहेरी, वाकायामात, मात्र सर्वात जास्त संख्या यामामोतोंची. मुख्य कचेरी एकीकडे आणि सभासद भलतीकडे, असं अनेक संस्थांचं होतं.

सभासदत्व सर्वांना खुलं

तोकुगावा राजवटीत आडनाव सरकारी कागदावर लावणं आणि कमरेला तलवार लावणं, हे दोन्ही सामुराईंचे मान. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांना ते अधिकृतपणे लावता येत नसे. लोकांकडे आडनावं नव्हतीच, असा याचा अर्थ घेऊ नये. गावात, देणगीच्या यादीत, थडग्याच्या दगडावर ती असत. फक्त सरकार समोर आलं की ती झाकायची.

राजवट बदलली आणि चार हुकुमांत चित्र पालटलं. १९ सप्टेंबर १८७० ला सामान्य माणसाला आडनाव लावायची परवानगी मिळाली. लोक फारसे पुढे आले नाहीत. नाव लिहून दिलं की कर येईल, अशी धास्ती होती. १८७२ पासून देशभर कुटुंबांची नोंदवही, म्हणजे 'कोसेकी' सुरू झाली. १८७३ साली सक्तीची लष्करभरती आली. आता सैन्याला माणसं नेमकी ओळखायची होती. लष्करी खात्याच्या आग्रहातून १३ फेब्रुवारी १८७५ चा हुकूम निघाला : प्रत्येकाला आडनाव लावावंच लागेल, आणि वाडवडिलांचं आडनाव ठाऊक नसेल त्याने नवं ठरवावं.

ठाऊक नसेल त्याने नवं ठरवावं! वंशावळीच्या दृष्टीने या एका कलमाने धरणाचा दरवाजा उघडला. कोणी जुनं झाकलेलं नाव बाहेर काढलं. कोणी जमीनमालकाचं घेतलं, कोणी गावच्या पुजाऱ्याचं, कोणी शेजाऱ्याचं. ज्या मुलखात सुझुकी आधीच मानाचं आणि कानावरचं नाव होतं, तिथे ते घेणारे जास्त निघाले. नाव घेणाऱ्याला कुमानो कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती.

नाव असं पसरत असतानाच मूळ संस्थेचा पाया मात्र खचत होता. १८६८ मध्ये सरकारने शिंतो देव आणि बौद्ध धर्म यांची फारकत केली. १८७२ मध्ये डोंगरी तपस्व्यांचा शुगेंदो पंथ बंद केला. वाट दाखवणारे सेन्दात्सु याच परंपरेतले. १९०६ पासून गावोगावची छोटी देवस्थानं मोडून एकत्र करायचा धडाका लागला, आणि वाकायामात तो फार जोरात चालला.

त्याला कडाडून विरोध करणाऱ्या माणसाचं नावच फुजिशिरोने ठेवलेलं होतं. मिनाकाता कुमागुसु, १८६७ साली वाकायामात जन्मलेला निसर्गशास्त्रज्ञ. कुमानोतला 'कुमा', आणि 'कुसु' म्हणजे फुजिशिरोच्या आवारातला कापराचा जुना वृक्ष. त्या भागात मूल झालं की या देवस्थानातून नावाची अक्षरं मागून आणायची रीत होती. कुमागुसुच्या भावंडांच्या नावांतही 'कुसु' येतो. लंडनला आठ वर्षं राहून आलेला, शेवाळं आणि बुरशी गोळा करणारा हा माणूस देवराया तुटू नयेत म्हणून भांडला. आपलं नाव आपण घडवलेलं नाही, एका झाडाकडून घेतलेलं आहे, याची त्याला जाण होती. १९४१ साली तो गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या झाडाशेजारचा वाडा रिकामा झाला.

रक्त काय सांगतं

आता जनुकांकडे. बापाकडून मुलाला जशीच्या तशी जाणारी एक गोष्ट माणसाच्या पेशीत असते : वाय गुणसूत्र. आडनावही बापाकडूनच मिळत असेल, तर दोन्हींची जोडी जमायला हवी. ब्रिटनमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. २००९ साली टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं मांडली. निष्कर्ष सुबक निघाला. आडनाव दुर्मीळ असेल तर त्या नावाचे पुरुष बहुधा एकाच पूर्वजाचे. आडनाव जितकं साधारण, तितकं हे नातं पातळ. 'स्मिथ' या सर्वात मोठ्या आडनावात तर वाटेवरून कुठलेही दोन पुरुष उचलावेत, तसंच चित्र.

सुझुकी हे जपानचं स्मिथ. एकापेक्षा अधिक पात्या, जमिनीवरून बदलणारी नावं, १८७५ चा खुला दरवाजा आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं दत्तक, एवढं सगळं झाल्यावर सर्व सुझुकींचं वाय गुणसूत्र एक असायला काही कारण उरत नाही. त्यांच्या पेशींत दिसायचं ते सगळ्या जपानचंच मिश्रण.

ते मिश्रण मात्र पाहण्यासारखं आहे. सोळा हजार वर्षांपूर्वीपासून या बेटांवर शिकार, मासेमारी आणि कंदफळांवर जगणारे जोमोन लोक होते. त्यांची मातीची भांडी जगातल्या सर्वात जुन्या भांड्यांत मोडतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपासून खंडातून भातशेती करणारे लोक येऊ लागले. त्या काळाला यायोइ म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ हानिहारा काझुरो यांनी १९९१ मध्ये मांडणी केली की आजचे जपानी या दोन थरांचे मिळून झाले आहेत. २०२१ साली प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून तिसराही थर मांडला गेला : इसवी सनाच्या चौथ्या शतकापासूनच्या कोफुन काळात पूर्व आशियातून आलेले लोक. २०२४ मध्ये रिकेन संस्थेच्या चमूने ३,२५६ जपानी माणसांचा संपूर्ण जनुकसंच वाचून तीन स्रोतांच्याच चित्राला पाठबळ दिलं. त्यात जोमोन वारशाचा वाटा ओकिनावात २८.५ टक्के, ईशान्य जपानात १८.९ टक्के आणि पश्चिमेत १३.४ टक्के आला.

आता सुझुकींचा नकाशा या आकड्यांवर ठेवून पाहा. वाट कुमानोतून निघते, म्हणजे खंडातून आलेल्यांचा अंश जास्त असलेल्या पश्चिमेकडून. ती पोचते ईशान्येला, जिथे जोमोन अंश वाढतो. उत्तरेतला सुझुकी जनुकांनी आपल्या उत्तरेतल्या शेजाऱ्याच्या जवळ असणार आणि वाकायामाचा सुझुकी आपल्या वाकायामातल्या शेजाऱ्याच्या. नाव वाटेने चालत गेलं. रक्त बव्हंशी त्या त्या गावचंच राहिलं.

वाय गुणसूत्रापुरती एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. जपानी पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांशांमध्ये 'डी' नावाच्या शाखेचं वाय सापडतं, आणि ते जोमोन लोकांकडून आलेलं मानतात. या शाखेच्या इतर फांद्या तिबेटात आहेत आणि आपल्या अंदमानातल्या ओंगे आणि जारवा लोकांत आहेत. फांद्या वेगळ्या होऊन हजारो वर्षं लोटली. पण तोक्योतल्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या सुझुकीचा फार फार जुना पितृवंश अंदमानच्या जंगलातल्या माणसाशी कुठेतरी मागे जुळत असेल, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या सुझुकीशी जुळत नसेल.

जावयांची गादी

आडनाव रक्तावाचून कसं चालतं, याचं सर्वात ठळक उदाहरण आपल्या रस्त्यावर धावतं.

मिचिओ सुझुकी यांचा जन्म १८८७ साली हामामात्सु भागातल्या शेतकरी कुटुंबात झाला. ते सुतारकाम शिकले आणि १९०९ मध्ये त्यांनी माग बनवण्याचा कारखाना काढला. १९२० साली त्याची कंपनी झाली. १९५२ मध्ये सायकलला बसवायचं इंजिन आलं, १९५५ मध्ये सुझुलाइट ही छोटी मोटार. १९५७ साली मिचिओ बाजूला झाले आणि शुन्झो अध्यक्ष झाले. ते जावई. त्यांच्यानंतर १९७३ मध्ये आले जित्सुजिरो, तेही जावई. १९७८ मध्ये ओसामू आले. शुन्झो यांचे जावई. तिघांनीही लग्नानंतर सासरचं आडनाव घेतलं होतं. जावयाला दत्तक घेऊन घराचं नाव त्याला देण्याच्या या रीतीला जपानीत 'मुकोयोशी' म्हणतात. आपला 'घरजावई' हा शब्द टोमण्यात वापरला जातो. हामामात्सुत तो अध्यक्षपदाच्या वाटेवरचा टप्पा होता.

चीन आणि कोरियाच्या जुन्या चालीप्रमाणे दत्तक घ्यायचा तो आपल्याच वंशातला, म्हणजे रक्ताची रेघ सरळ राहते. जपानने परक्यालाही घराची पाटी दिली. घर म्हणजे 'इए' टिकलं पाहिजे. चालवणारा लायक असावा, तो पोटचाच हवा असं नाही. व्यापारी पेढ्या, कलावंतांची घराणी, सामुराईंची कुटुंबं या वाटेने शतकानुशतकं चालली.

ओसामू यांचा जन्म १९३० साली गिफु प्रांतातल्या गेरोमध्ये, मात्सुदा या घरात झाला. ते बँकेत नोकरीला होते. १९५८ साली मिचिओंच्या नातीशी लग्न झालं, ते सुझुकी झाले आणि कंपनीत आले. ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. पुढे एका पिढीने आयुष्यातली पहिली गाडी म्हणून सुझुकी हे नाव दारात उभं केलं. डिसेंबर २०२४ मध्ये ओसामू गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

भारताने ज्या नावाचा गौरव केला ते नाव त्यांच्या बायकोच्या माहेरचं. तिच्या वडिलांनाही ते सासऱ्यांकडून मिळालेलं. मिचिओंपासून ओसामूंपर्यंत कारखान्याच्या पाटीवर एकच आडनाव राहिलं. त्या चार माणसांत सलग बाप-मुलाची जोडी एकही नाही. ती जोडी प्रथम जमली २०१५ साली, ओसामूंचे चिरंजीव तोशिहिरो अध्यक्ष झाले तेव्हा.

जीर्णोद्धार आणि पुढची वाटचाल

फुजिशिरोचा वाडा १९४२ नंतर मोडकळीला आला. छपरं खचली, बाग वाढली. २००४ मध्ये कीई डोंगररांगेतली तीर्थस्थळं आणि यात्रामार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि जुन्या वाटेकडे पुन्हा पावलं वळली. काइनानमध्ये देशभरच्या सुझुकींचे मेळावे भरले. वाड्यासाठी देणग्या जमल्या. कर भरताना आपल्या पसंतीच्या गावाला रक्कम देण्याची जी सोय जपानात आहे, तिच्यातूनही पैसा आला. २०२३ मध्ये वाडा पुन्हा उभा राहिला आणि लोकांसाठी खुला झाला.

वाकायामाशी आपलाही अलीकडचा एक धागा आहे. २०१३ साली या प्रांताचा महाराष्ट्र शासनाशी सहकार्य करार झाला. २०१५ मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. पुतळा पाहायला गेलेला माणूस डोंगर उतरून किनाऱ्याला आला की काइनान लांब नाही.

या नावाचं पुढे काय होणार, हे आता देवस्थानाच्या किंवा कारखान्याच्या हाती नाही, संसदेच्या हाती आहे. १८९८ च्या दिवाणी कायद्याने एका घराला एक आडनाव सक्तीचं केलं. युद्धानंतरच्या कायद्यात नवरा-बायकोपैकी कोणाचंही एक घ्यावं अशी मुभा आली, पण एकच. सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचंच घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हे कलम वैध ठरवलं. बदल करायचा तर संसदेने करावा, असा त्याचा रोख. प्रत्येक लग्नात एक आडनाव गळतं, आणि लहान आडनावं आधी संपतात. २०२४ साली तोहोकु विद्यापीठाचे प्राध्यापक योशिदा हिरोशी यांनी गणित मांडून दाखवलं की हा नियम असाच राहिला तर २५३१ साली सगळा जपान 'सातो' असेल. गणित मुद्दाम टोकाला नेलेलं होतं. पण त्या टोकाच्या आधी कुठेतरी सुझुकीही संपतात, हे त्यातच आलं.

१९४२ मध्ये वाडा रिकामा झाला तेव्हा वारस नव्हता. ८१ वर्षांनी तो पुन्हा उघडला तेव्हाही वारस नव्हताच. छपराचा खर्च मात्र निघाला, आणि पैसे पाठवणाऱ्यांना कोणी वंशावळ विचारली नाही.